पालखी आमच्याकडे येत नाही

"शिमग्याला पालखी कधी येते गो तुमच्याकडे?"

हा प्रश्न मला केमिस्टच्या नोकरीच्या मुलाखतीत विचारला. महाडच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या थंडगार केबिनमध्ये. टेबलापलीकडे तिघे होते. लॅबचे हेड, एचआरच्या मॅडम आणि प्रॉडक्शनचे साहेब. साहेब आमच्याच पोलादपूर तालुक्यातले निघाले.

त्याआधी हेडनी मला अकरा प्रश्न विचारले होते. टायट्रेशन कसं करतात, पीएच मीटर कशानं तपासून घेतात, हातावर ॲसिड सांडलं तर आधी काय करायचं. सगळी उत्तरं दिली. हेड मान डोलवत होते. मला वाटलं, झालं, जिंकले. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेल्या साहेबांनी माझा बायोडेटा ओढून घेतला. गाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे आपलीच की तू. गावात कुठे?"

"वरच्या आळीत, सर."

खोटं. साफ खोटं. मी बौद्धवाडीत राहते. माझं आडनाव मराठ्यांतही सापडतं आणि आमच्यातही. आडनावावरून उलगडा होत नाही, म्हणून मग पालखी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. बौद्धवाडीत येत नाही. कोकणात जात विचारायला एवढा प्रश्न पुरतो, आणि विचारणारा वर देवभक्त ठरतो.

मी म्हणाले, "होळीच्या दिवशीच येते, सर. पहिला मान आमचाच."

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "होळीच्या दिवशी पालखी देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर बसते. घरोघर निघते दुसऱ्या दिवशी. आणि पहिला मान माझ्या सासऱ्यांचा. तुमच्या गावात माझी सासुरवाडी हाय."

ज्या पालखीला आमच्या घरातून कुणी कधी हात लावला नाही, तिचा दिवस मला कुठून माहीत असणार? कान तापले. मॅडम मोबाइलमध्ये बघत राहिल्या. हेड माझं सर्टिफिकेट उलटसुलट करत राहिले, जणू मागच्या बाजूलाही मार्क छापलेत.

"वाडी सांग की. लाजतेस कशाला?"

मी बायोडेटावरच्या माझ्या आडनावाकडे बघत राहिले.

"कळलं," साहेब म्हणाले. "केमिस्टचं बघू. पण लॅबमध्ये काचसामान धुवायला एक बाई पाहिजे. तुम्हा लोकांना धुण्यापुसण्याची सवय असते."

आणि मी काय म्हणाले? "थँक्यू सर" म्हणाले. बीएस्सीला कॉलेजात दुसरी आलेली मी, थँक्यू म्हणून दार हळूच लोटून बाहेर आले. त्या थँक्यूची मला आजही किळस येते.

ते खोटं एका दिवसात तयार झालं नव्हतं. महिनाभर घोटलं होतं. माझा चुलतभाऊ, दादा, मुंबईला कॉल सेंटरमध्ये आहे. रोज व्हिडिओ कॉलवर माझी तयारी करून घ्यायचा. "फर्स्ट इम्प्रेशन इंपॉर्टंट असतं. वाडीचं नाव काढायचं नाय. सरनेमवरून कळत नाय, तर आपण कशाला सांगायचं? मी इतकी वर्षं इकडं असाच राहिलोय." वरची आळी त्यानंच सुचवली. पालखीबद्दल विचारलं तर येते म्हणायचं, हेही त्याचंच. पहिला मान मात्र माझ्या पदरचा. चुलीपाशी बसून आई हे सगळं ऐकायची. एकदा म्हणाली, "वाडी काय रोग हाय का गो, लपवायला?" मी तिला गप्प बसवलं. तुला काय कळतंय म्हणाले.

मुलाखतीहून परत निघाले. शेअरच्या मिनीडोर रिक्षात बसवेना. आमच्या फाट्याच्या बरंच आधी उतरले आणि हायवेच्या कडेनं चालत सुटले. कशेडीकडे जाणारे ट्रक अंगावर धूळ उडवत होते. डोक्यात साहेबाला देण्यासारखी उत्तरं एकामागून एक येत होती. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

आई पडवीत वाल सोलत होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, साहेबाला शिव्या घालेल. घातल्याच. मग माझ्याकडे वळली.

"त्यानं वाडी इचारली, तो हलकट हायच. पण तू पालखी कशाला मागितलीस? तुझ्या आजानं पालखीपुढं ढोल वाजवायचा सोडला म्हणून गावानं आपल्याला वाळीत टाकलं. गिरणीत दळण घेत नव्हते. दोन पावसाळे पोलादपूरला डोक्यावर दळण नेलंय मी. आणि तू त्याच पालखीचा पहिला मान सांगून आलीस?"

मला रडू आलं नाही. लाज वाटली. साहेबासमोर वाटली तशी नव्हे, ती वेगळी होती. दर मार्चला चवदार तळ्यावर आम्ही जातो. घोषणा देताना माझा आवाज सगळ्यांत मोठा. आणि एका केबिनमध्ये, एका खुर्चीसाठी, जे आजोबांनी लाथाडलं ते मी आपलं म्हणून सांगितलं. साहेबानं माझा अपमान केला हे खरंच. त्याआधी मी स्वतःचा करून बसले होते.

तीन दिवसांनी मॅडमचा फोन आला. काचसामान धुण्यासाठी निवड झालीय, सोमवारी सहीला या. दादा म्हणाला, "घे. एंट्री तर मिळतेय ना, मग बघू." पदवी घेऊन तीन वर्षं मी घरी बसलेली. नोकरी मला हवी होती, किती हवी होती ते माझं मला ठाऊक. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. रविवारी एक अर्ज लिहिला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा नीट लिहिला.

सोमवारी तीच केबिन, तेच तिघे. मॅडमनी कागद पुढे सरकवला. मी तो वाचला आणि हेडना विचारलं, "सर, तुम्ही मला अकरा प्रश्न विचारलेत. माझं कुठलं उत्तर चुकलं?"

हेडनी साहेबांकडे पाहिलं. मग टेबलाकडे. "चुकलं नाही," म्हणाले.

"मग मी केमिस्ट का नाही?"

"जास्त वाकड्यात शिरू नको," साहेब म्हणाले.

"सर, मी तुमच्याशी खोटं बोलले. मी बौद्धवाडीत राहते. पालखी आमच्याकडे येत नाही आणि आम्हाला ती नकोय. आता मला सांगा, पालखीचा प्रश्न बाकीच्या उमेदवारांना विचारलात का?"

माझा आवाज ठाम होता, कुठून आला देव जाणे. देव म्हणायची सवयही जाता जात नाही.

मी अर्ज पुढे ठेवला. मला कोणते प्रश्न विचारले, कोणी विचारले, काय बोलले, सगळं त्यात होतं. केमिस्टच्या जागेसाठी मला का नाकारलं ते लेखी कळवा, ही मागणी खाली. मी म्हणाले, "याची पोच द्या."

"अशी पोच देत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"मग मी बसते."

बसले. साहेब मुंबईच्या ऑफिसला फोन लावत बाहेर गेले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी मॅडमनी माझ्या प्रतीवर शिक्का मारला. मारताना माझ्याकडे पाहिलं नाही.

लेखी उत्तर अजून आलेलं नाही. दादा माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, आता इथली एकही कंपनी तुला दारात उभी करणार नाही. खरंही असेल. मला भीती वाटते, वाटत नाही असं कशाला सांगू. पण पुढच्या आठवड्यात खेडजवळ दुसरी मुलाखत आहे. त्या बायोडेटात पत्ता पूर्ण लिहिलाय, वाडीसकट.

आणि परवा पोच घेऊन मी वकिलाकडे चाललेय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढणार.