सोडियमची बाटली आणि शामराव भाऊ

त्या दिवशी माझ्या लॅबमध्ये चाळीस पोरं भाजली असती. चूक माझी होती.

हे मी इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. ज्यांना माहीत होतं, ते शामराव भाऊ आज सकाळी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात वारले. म्हणून लिहिते आहे.

शामराव भाऊ आमच्या ज्युनिअर कॉलेजचे लॅब अटेंडंट. बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, मासे धरणाऱ्या घरातले, शिक्षण दहावी. मी बारावीला केमिस्ट्री शिकवायला आले तेव्हा त्यांची वीस वर्षं त्या लॅबमध्ये गेली होती.

आणि मी? एम.एस्सी., बी.एड. पण ॲसिडची बाटली हातात घ्यायला घाबरणारी.

नागभीडला माझी बारावी झाली. तिथे प्रॅक्टिकल म्हणजे सरांनी फळ्यावर रीडिंग लिहायची आणि आम्ही वहीत उतरवायची. पुढे नागपूरला खरी लॅब मिळाली, पण पार्टनर ओतायची आणि मी लिहायची. मी कायम वहीवालीच राहिले.

नोकरीला लागून दोन महिने झाले होते. भाताच्या रोवणीचे दिवस. चार दिवसांपासून पावसाची झड लागलेली. बारावीचं टायट्रेशन सुरू होतं.

मागच्या कपाटातून आवाज आला. तव्यावर पाणी पडावं तसा.

कपाट उघडलं. स्लॅबमधून पाणी ठिबकत होतं, थेट सोडियमच्या बाटलीवर. झाकणाला तडा गेलेला. सोडियम ज्यात बुडवून ठेवतात ते रॉकेल उडून तळाला गेलेलं, सोडियमचे तुकडे उघडे. बाटलीतून पांढरा धूर निघत होता.

सोडियमला पाणी लागलं की ते पेट घेतं, हे मी आदल्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. समीकरणासकट.

दोन महिन्यांत मी ते कपाट एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

पायल नावाच्या मुलीनं धूर पाहिला आणि पाण्याचा मग उचलला. मला ओरडायचं होतं. मी जागची हललेच नाही.

शामराव भाऊंनी तिचा हात मनगटाजवळ धरला.

"पाणी नाई, बेटा. खाली ठेव."

मग माझ्याकडे वळले. "मॅडम, पोरायले बाहेर काढा. धावू देऊ नका."

मी पोरांना व्हरांड्यात कसं आणलं, मला खरंच आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यांनी खांद्यावरच्या कोरड्या दुपट्ट्यानं बाटली धरली, वाळूच्या बादलीत बसवली आणि उचलली.

पण न्यायची कुठे? आत छत गळतंय, बाहेर पाऊस.

खेळाच्या सामानाची खोली तेवढी कोरडी होती. व्हरांड्याच्या त्या टोकाला. वाऱ्यानं पावसाचे फवारे आत येत होते. ते पावसाकडे पाठ करून, बादलीवर वाकून, आडवे आडवे चालत गेले. पाठ सगळी भिजली. छातीशी बादली.

जाता जाता म्हणाले, "रॉकेल पायजे. नाईतर डिझेल."

रॉकेल आता कुणाच्या घरात असतं? पण कुंपणापलीकडे भाताच्या बांधीत ट्रॅक्टर चिखलणी करत होता. मी चिखलातून धावले. ट्रॅक्टरवाल्या दादांनी विचारलं, "डिझेल काऊन पायजे मॅडम?" मी नुसती रडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता कॅन दिली.

कॅन घेऊन मी त्या खोलीत शिरले.

"तिथीच थांबा!"

शामराव भाऊ पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.

"ओल्या हा तुमी. केसातून पाणी गळून राह्यलं. जवळ येऊ नका."

वाचवायला म्हणून धावत आले होते. त्या खोलीत सगळ्यात मोठा धोका मीच होते.

मी कॅन दारात ठेवली आणि मागे सरले. त्यांनी भिजलेला शर्ट काढला, कबड्डीच्या मॅटला हात पुसले, पाठ पुसली, कॅन पुसली. मग बाटलीत हळूहळू डिझेल ओतलं. सगळे तुकडे बुडेपर्यंत.

धूर थांबला.

शेवटचं थोडं डिझेल वाळूत सांडलं.

कॅन खाली ठेवत म्हणाले, "लय भेव लागला होता मॅडम."

"मग तुम्हीच पुढे का गेलात?"

"तुमच्या पायाकडं पाह्यलं. ते काही हालून नाई राह्यले होते."

झालेलं सगळं मी प्राचार्यांना सांगायला निघाले, तर भाऊ म्हणाले, "सांगा. पण आधी दोघं मिळून कपाट साफ करू." केलं. प्राचार्यांकडे मात्र मी नंतर गेलेच नाही. भाऊंनी एकेक बाटली मला हातात धरायला लावली. लेबल तळहाताकडे, म्हणजे ओघळ अक्षरांवर येत नाही. ॲसिड पाण्यात ओतायचं, काठाकाठानं. हे पुस्तकातलं मला पाठ होतं. हातांना त्यांनी शिकवलं.

आज दुपारी वैनगंगेच्या काठावर सगळं आटोपलं. नंतर वहिनींजवळ, भाऊंच्या बायकोजवळ, जाऊन बसले. त्या दिवसाचं बोलले. मला वाटलं, त्यांना माहीत नसेल.

"मले माहीत हाय," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले, जेवलेच नाई. नुसते हात पाहत बसले. म्हणे, उद्यापासून जात नाई, नौकरी सोडतो."

"मग?"

"सकाळी उठले अन् डबा मागितला. म्हणे, मॅडम नवीन हाय, एकटी पडन."

मला हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे दहाला आले होते. टेस्ट ट्यूब धूत होते. मला वाटलं होतं, या माणसाला काहीच झालं नाही.

शामराव भाऊ, त्या चाळीस जणांपैकी आज बरेच नदीवर आले होते. पायलही आली होती, कडेवर मुलगी घेऊन.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.