उशिरा थांबलेली प्रेस

मंगळवार पेठेतला निसार मुल्लाणी रेडिओ दुरुस्त करता करता टपालानं मागवलेल्या पुस्तकांवर मायक्रोप्रोसेसर शिकला. १९८६ साली गोमटेशअण्णा मगदूमांनी त्याला आपल्या कारखान्यातल्या पत्रा कापायच्या प्रेसचं काम दिलं. तिथं ना कॉम्प्युटर, ना पडदा. लोखंडी डब्यातल्या चिपनं एकटीनं प्रेस चालवायची, आणि कामगाराचा हात प्रकाशाच्या झोतात आला की जागीच थांबवायची.

प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहायचा, यावर निसार पंधरा दिवस अडला. असेंब्ली म्हणजे चिपची मायबोलीच. कमालीची वेगवान, पण लिहायला चार महिने. बेसिक आठवड्यात जमलं असतं. मात्र ते प्रत्येक ओळ दरवेळी नव्यानं वाचून मग काम करतं, म्हणून संथ.

"पुढं बदल करायचा झाला तर कशात सोपं?" अण्णांनी विचारलं.

"बेसिकमधी."

"मग त्येच घे की."

निसारनं तेच घेतलं. झोतात काठी घालून पाहिली. प्रेस वेळेत थांबली. शंभर वेळा घातली, शंभर वेळा थांबली.

दिवाळीआधी अण्णा म्हणाले, नग मोजायची सोय कर. तेवीस ओळी वाढल्या, तासाभराचं काम. नग बरोबर मोजले जातात एवढं बघून निसार घरी गेला. काठी घातलीच नाही.

तिसऱ्या दिवशी त्या प्रेसवरच्या कामगाराची, आकारामची, चार बोटं गेली.

त्याचंच ध्यान नव्हतं, असं सगळे म्हणाले. अण्णाही. निसार दवाखान्यात गेला, खाटेपाशी उभा राहिला.

"आकारामदा, तुमची चूक न्हाय. ओळी वाढवल्या, तसा डबा मंदावला. म्या तपासलं न्हाय."

आकारामनं विचारलं, "ह्ये सायबास्नी सांगशील?"

"सांगतो."

अपघाताच्या चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांना त्यानं सगळं लिहून दिलं. आकारामचा भरपाईचा दावा मंजूर झाला. निसारला मात्र पुन्हा कुठल्या कारखान्यानं बोलावलं नाही.

तरी चार महिने खपून त्यानं तोच प्रोग्राम असेंब्लीत उतरवला आणि चिप घेऊन कारखान्यात गेला. अण्णांनी डबा कधीच काढून टाकला होता, झोताचा दिवाही. प्रेस पायाखालच्या दांड्यावर चालत होती. आकारामच्या जागी गुंडू नावाचा नवा माणूस पत्रा सरकवत होता.

"अण्णा, झोत तरी परत बसवू द्या," निसार म्हणाला.

"तुझं काय बी नगं," अण्णा म्हणाले, आणि आत निघून गेले.