पलंगाखालचे बूट

संकट आलं की जग देव आठवतं, दागिने शोधतं. आमचे शेजारी पाय बघतात. चाळीस वर्षं वर्ध्यात चपला-बुटांचं दुकान चालवल्यामुळे त्यांना माणसं चेहऱ्यानं ओळखूच येत नाहीत. मुलांनो, तुमची आई माहेरी आली तेव्हा ते खाली बघून म्हणाले, "पाच नंबर, डावी टाच झिजते. म्हनजे तुमचीच पोरगी." टीव्हीवर कुठं भूकंप दाखवला की ते बातमीदारासाठी हळहळतात, "पहा, स्लिपर घालून चालून राह्यला. खिळा घुसला की समजन त्याले." पडझडीतून चालायचं तर जाड तळ, झाकलेला घोटा आणि घट्ट नाडी, हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून त्यांचे बूट दाराबाहेर नसत, पलंगाखाली असत. "देवाच्या घरात जोडे," त्यांच्या पत्नी म्हणत. "वादळ का चपला घालाले थांबते?" हे त्यांचं उत्तर.

गेल्या उन्हाळ्यात ते वादळ आलं. सकाळी रस्ताभर टिनाचे पत्रे, खिळे, काचा. आणि रीतीप्रमाणे दाराबाहेर काढलेल्या आमच्या सगळ्यांच्या चपला उडून गेलेल्या. आमची सगळी आळी उंबरठ्यावर अनवाणी उभी. तिकडे गावाबाहेर सिंदी मेघेला माझ्या धाकट्या बहिणीचं इन्सुलिन आदल्या दिवशीच संपलेलं, नवं माझ्या फ्रिजमध्ये. रस्त्यात झाडं आडवी, गाड्या बंद, फोन बंद.

शेजारी आपले बूट घेऊन आले; एवढं लांब चालणं त्यांच्या गुडघ्यांना तेव्हाही झेपत नव्हतं. नऊ नंबर. माझ्या पायांत मोज्यांचे तीन जोड चढवले आणि खाली बसून स्वतः नाड्या बांधू लागले. मी संकोचले.

"वहिनी, पाय सैल सोडा. साऱ्या वर्ध्याचे पाय धरले म्या, तुमचेच काऊन सोडू? आन तार दिसली त दुरून जाजा."

एकाहत्तराव्या वर्षी, साडी आणि बूट अशा थाटात, मी दोन तास चालले. पायाला ओरखडासुद्धा नाही. बहीण दारातच म्हणाली, "काय वो ताई, मिलिट्रीत भरती झाली का?" आणि हसता हसताच तिनं सुई टोचून घेतली.

परतल्यावर शेजाऱ्यांनी बूट उलटे केले, तळात रुतलेले खिळे पकडीनं उपसले आणि एकेक मला दाखवला. पदवी घेतली तेव्हाही माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

आता गुडघ्यांमुळे त्यांना फाटकाबाहेर पडता येत नाही. संध्याकाळी मी फिरून आले की त्यांच्याजवळ थांबते आणि कुठं रस्ता उखडलाय, कुठं नवी गिट्टी पडलीय ते सांगते. ते डोळे मिटून ऐकतात. मधेच त्यांच्या पायाची बोटं हलतात.