अण्णांची कळ पोटरीतनं कंबरेत आली

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, शाळा आठवीतच सुटली. टायपिंग बी हळू हाय.

माझ्या वडलांची, अण्णांची, कळ कंबरेतनं पोटरीत उतरायची. मेंढ्यांमागं चालणं बंद झालं. कळंबच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी रोज पालथं पडून छाती उचलायला सांगितलं. पोटरीतली कळ थांबली, पर कंबर जास्तच दुखाया लागली. अण्णा म्हणले, "व्यायाम बंद. मेंढ्या इकतो."

आज परत दाखवाया गेलो. मॅडमनी कसं हाय इचारलं, तर अण्णा नुसतं "बरंय" म्हणले. मला परक्यापुढं बोलायची लई लाज वाटती, पर म्याच खरं सांगितलं.

मॅडम हसल्या. "कळ पायातून वर सरकली, म्हणजे व्यायाम लागू पडतोय. चालू ठेवा."

बाहेर अण्णा म्हणले, "मेंढ्या ऱ्हाऊ दे. तुला बोलता येतं की गं."

तुमच्याकडं बी "बरंय" म्हणून दुखणं लपवतेत का?

ता.क. आत्ताच फोन आला, येडशीला दिलेल्या माझ्या ताईला जुळं झालं.