टिटवीची सावली

गावाजवळच्या अभयारण्यात मी पावसाळ्यात, थंडीत, उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन जातो. तिथल्या पाखरांवर आपली माया आहे, असं मी समजत होतो.

यंदा वैशाखात माळावर टिटवीची चार अंडी दिसली. मी तासभर शेजारीच बसलो. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत होती आणि मी तिचे फोटो काढत होतो.

तिथल्या राखणदार सखूबाई आल्या. हळूच म्हणाल्या, "दादा, उठा आता. या उन्हात ती अंड्यांवर सावली धरून बसते. तुमच्यामुळं तिला बसता येईना."

आठवड्याने गेलो. अंडी उन्हात तशीच पडून होती, टिटवी कुठेच नव्हती. सखूबाईंनी विचारलं, "चहा घेता?" मला त्यांच्याकडे बघवेना.