सापळा आणि न बांधलेली चिंधी

आमच्या माडांच्या आगरात कांडेचोर फार. मांजराएवढं, काळसर, लांब शेपटीचं हे जनावर अंधार पडला की माडांवरून फिरे, पिकलेली केळी खाई आणि खुराड्यात शिरून कोंबड्या मारी. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत त्याला धरायला मनाई नव्हती, पण नेम होते. फासा आपल्याच हद्दीत लावायचा. जवळच्या झाडाला, येणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी पांढरी चिंधी बांधायची. उजाडताच फासा उचलायचा. पिलांची आई सापडली तर सोडून द्यायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, तरी माझे वडील ते कटाक्षानं पाळीत.

एकोणीसशे तीस सालानंतर मुंबईतली नोकरी सुटून मी घरी आलो. येताना दातेरी लोखंडी सापळा आणला. वडिलांनी तो हातात घेऊन पाहिला.

"दोरीचा फासा सोडवता येतो," ते म्हणाले. "यात सापडलं ते मोडलंच. लावायचाच असेल तर चिंधी विसरू नको."

आठ दिवस मी सगळं नीट केलं. दोन कांडेचोर मिळाले. मग अंगवळणी पडलं. एका संध्याकाळी चिंधी हाताशी लागेना, मी तसाच सापळा लावला आणि सकाळी उशिरापर्यंत झोपून राहिलो.

किंकाळी ऐकून धावलो. शेजारची विधवा काकी पडलेल्या झावळ्या वेचायला आमच्या आगरात येई. तशी मोकळीक वडिलांनीच दिली होती. तिचा उजवा पाय सापळ्यात होता. वडील आणि मी, दोघांनी जोर लावून तो उघडला. ती आता ओरडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"चिंधी आहे का बघितलं रे मी," ती म्हणाली. "रोज बघूनच पाय टाकते."

डोलीतून तिला गुहागरला नेलं. दोन बोटं काढावी लागली.

देवळात गावकी बसली. वडील उठले. "सापळा माझ्या आगरातला. दोष माझाच धरा."

मग मला बसवेना. "चिंधी मी बांधली नाही," मी म्हणालो.

वाडीत लोखंडी सापळा कुणी लावायचा नाही, आणि काकी हिंडूफिरू लागेपर्यंत तिच्या घरचं पाणी-लाकूड मी बघायचं, असं ठरलं.

पहिले दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. एके दिवशी मी कळशी ठेवली तेव्हा तिनं ताट वाढलं होतं, भात आणि कुळथाचं पिठलं. मी पाटावर बसलो.

"माफ केलं असं समजू नको," ती म्हणाली. "दोन खेपा घातल्यास, भूक लागली असेल म्हणून वाढलं."

पुढं ती बरीच वर्षं जगली, लंगडत. आमच्या आगरात मात्र परत आली नाही. झावळ्या मीच तिच्या अंगणात नेऊन ठेवी.