अर्ध्या ओळीचे बुवा

आमच्या मांडवीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी भजन असतं. बुवांनी पेटीवर ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या आम्ही बाराजणांनी तीच परत म्हणायची. याला झील धरणं म्हणतात. मी चाळीस वर्षं झील धरतो आहे. आवाज बेताचा, पण हजेरी पक्की.

गेल्या वर्षी बुवांना न्यूमोनिया झाला. जन्म मासेमारीच्या बोटीवर गेलेला माणूस, देवळात गायले तर जेटीवर ऐकू यायचे. दुखण्यातून उठले, पण दम गेला तो गेलाच. चार शब्द गायले की धाप लागायची. त्यांनी देवळात यायचंच सोडलं. आम्ही दिसलो की समुद्राकडे तोंड फिरवायचे.

त्यांच्याविना पहिल्याच शनिवारी आमची फजिती झाली. पखवाज सुरू झाला, झांजा वाजू लागल्या आणि आम्ही बाराच्या बारा ओळीची वाट बघत बसलो. परत म्हणायची सवय सगळ्यांना, सुरुवात करायची कुणालाच नाही. पखवाजवाला बिचारा एकटाच बडवत राहिला. शेवटी आरती उरकून, प्रसाद खाऊन घरी आलो.

त्याच सुमारास माझ्या मुलीने मोबाइलवर चर्चमधलं एक गाणं पाठवलं. ती मुंबईला एका गानवृंदात गाते. "याला मोटेट म्हणतात, बाबा. यात वाद्य नाही, नुसते गळे." भाषा लॅटिन, मला एक अक्षर कळेना. खालच्या सुरात पुरुष सुरू करतात, मग बायकांचे आवाज वरून अलगद येऊन मिळतात आणि प्रत्येकजण आपापल्या वाटेने जाऊन शेवटी एकाच सुरावर थांबतो. अंगणात कोकमाची सोलं वाळत घालता घालता मी रडलो, हे उघड सांगतो. मग अशी आणखी मागवली. पण पहिलं ते पहिलंच. दहादा ऐकलं तरी त्यात सूर कुठे तुटलेला सापडेना.

मी मुलीला फोन केला. "ही माणसं श्वास घेतात तरी कधी?"

ती हसली. "शेजारचा गात असताना. सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, एवढंच ठरलेलं असतं."

मी तडक बुवांचं घर गाठलं आणि म्हणालो, "पुढे बसू नका. आमच्यात बसा."

बुवा भडकले. "मी झील धरू? आता ह्येच ऱ्हायलं व्हतं! अरे, आर्ध्या ओळीत माझा दम सरतो."

मलाही राग आला. "चाळीस वर्षं आम्ही धरली, ती काय कमीपणाची होती? आणि अर्धीच म्हणा. उरलेली आम्ही आहोत की म्हणायला."

ते समुद्राकडे तोंड फिरवून बसले. मी चहा न घेताच निघालो आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या. आजारी माणसावर कुणी असं खेकसतं का?

शनिवारी पेटीवर मीच बसलो. मी कशीबशी पहिली ओळ म्हटली, मागून झील आली आणि त्यात एक ओळखीचा आवाज होता. वळून पाहिलं, तर बुवा मधल्या रांगेत. दारातून कधी आले, कळलंच नाही. अर्धी ओळ म्हणायचे, थांबून दम घ्यायचे, पुन्हा मिळायचे. ओळ एकदाही तुटली नाही. शेवटच्या गजरापर्यंत ते टिकले.

भजन संपल्यावर चपला घालताना ते माझ्याजवळ आले. आता कौतुक करणार, असं मला वाटलं.

"फुडल्या शनवारी पट्टी वाईच वर घ्या," ते म्हणाले. "तुमी लय खाली गाता. आमाला मागं गाताना तरास होतो."

आमाला, म्हणाले. मी घरी पोचेपर्यंत तो एकच शब्द घोकत होतो.